मदत हवी आहे: हिरव्या वासाचा परफ्यूम अंगावर कडवट होतो आणि लगेच उडतो

पाणकणीस
ताज्या पानांच्या, गवताच्या वासाचा परफ्यूम घेतला. दुकानात कागदी पट्टीवर अप्रतिम वाटला. अंगावर मात्र पहिली पाच मिनिटं छान, मग कच्च्या शिमला मिरचीचा कडवट वास आणि अर्ध्या तासात काहीच नाही. शनिवारी एका साखरपुड्याला जायचं आहे, त्याआधी उपाय हवा. "दुसरा घ्या" हे उत्तर नको, बाटली महाग आहे.

मरवा
ईडीटी (ओ द टॉयलेट, सुगंधी तेल कमी) आहे की ईडीपी (ओ द पार्फ्यूम, तेल जास्त)? कुठे मारता? त्याखाली अंगाला काय लावता? बाटली कुठे ठेवता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. खोक्यावर कोणते घटक दिलेत तेही सांगा.

पाणकणीस
मनगटावर आणि गळ्यावर, सगळे मारतात तसा. खोक्यावर गाल्बनम, व्हायोलेटची पानं, बर्गामॉट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि खाली वेटिव्हर, म्हणजे वाळा, लिहिलंय. बाकीच्याने काय फरक पडतो? वास टिकत नाही एवढाच प्रश्न आहे.

कनौजी
स्प्रेचा नाद सोडा. त्यात बहुतेक अल्कोहोलच, ते उडणारच. कनौजचं खस अत्तर घ्या. तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे हंड्यात, वाळ्याची मुळं उकळतात, वाफ भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या भांड्यात, उतरते. रूह खस म्हणजे निव्वळ वाळ्याचं तेल. खस अत्तरात ते चंदनाच्या तेलावर उतरवतात. काडीच्या टोकाला येईल तेवढं कानामागे लावलं की दिवसभर बघायला नको.

रसायनी
कनौजी, तुमचं अत्तर उत्तम, पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. वाळा म्हणजे मूळ: मातकट, ओला, जड. त्यांना पानाचा वास हवाय. अल्कोहोल तर मिनिटभरात उडून जातं, दोष त्याचा नाही.

कापलेल्या गवताचा वास मुख्यतः सिस-३-हेक्सेनॉल आणि त्याच्या अ‍ॅसिटेटचा. दोन्ही रेणू लहान, त्यामुळे कागदावरही फार टिकत नाहीत आणि अंगाच्या उबेने आणखी लवकर जातात. दुकानातली पट्टी फसवते ती इथेच. शिमला मिरची येते गाल्बनममधून. हा इराणकडचा डिंक. त्यात पायराझिन अगदी थोडं असतं, पण नाकाला ते फारच तीव्र लागतं: ढोबळ्या मिरचीतलं मेथॉक्सिपायराझिन लिटरभर पाण्यात २ नॅनोग्रॅम असलं तरी ओळखू येतं. वरचं गवत आणि बर्गामॉट उडालं की ते उघडं पडतं. म्हणजे कडवटपणा नंतर तयार होत नाही, पहिल्यापासून असतो, फक्त झाकलेला.

मरवा
बरोबर. म्हणूनच खाली काय लावता ते विचारलं. आणि मनगटं एकमेकांवर घासता का? घासल्याने त्वचा तापते आणि वरचा थर आधी जातो.

पाणकणीस
घासतो. आंघोळीनंतर कोको बटरचं लोशन लावतो. पुण्यात राहतो. ईडीटी आहे. बाटली बाथरूमच्या फळीवर. आता तरी सांगा.

मरवा
आता सांगता येईल.
कोको बटरचा गोड वास आणि गाल्बनम यांचं जमत नाही. गोडाशेजारी कडू जास्तच कडू लागतं. बिनवासाचं मॉइश्चरायझर घ्या, नसेल तर व्हॅसलिन, मुगाच्या दाण्याएवढं, दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला चोळून. पाचेक मिनिटं मुरू द्या. मग एका वितीवरून एकेक फवारा आणि आपोआप वाळू द्या. मनगटावर नको, हात धुतला की गेला. गळ्यावर तर अजिबात नको. वास सतत नाकाखाली राहिला की नाक तो दाखवणं बंद करतं, आणि वेटिव्हरच्या जोडीला बहुधा आयसो-ई-सुपरसारखे लाकडासारख्या वासाचे रेणू घातलेले असतात, ते तर बऱ्याच जणांच्या नाकाला मधूनमधून लागतच नाहीत. "काहीच नाही" हे तुमच्या नाकाचं म्हणणं आहे. अर्ध्या तासाने घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावरून विचारा.

चैत्रपालवी
पैठणीवर कुठलाही परफ्यूम मारू नका, जरीचे काठ काळे पडतात. सुती शर्टावर अत्तराचा डाग पडला तर आधी इस्त्री करू नका. टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाचा थेंब लावून कोमट पाण्याने धुवा.

कनौजी
डागाचं कुणी विचारलं नव्हतं, पण सल्ला खरा आहे. रसायनी, पान हवं म्हणता तर ते टेकायला खाली मूळ लागतंच. त्यांच्या खोक्यावरही वेटिव्हर आहे. आधी खसचा फाया, वर स्प्रे, असं का करू नये?

रसायनी
हे पटलं. मात्र अत्तर जरासंच हवं, नाहीतर हिरवं सगळं मातीत जाईल. आणि स्वस्तातली "खस" बाटली नको. हिरवा रंग घातलेलं सरबती काहीतरी असतं ते.

दवणा
वरचा ताजेपणा वाढवायला त्यात लिंबाचं तेल दोन थेंब टाका, मस्त होतं.

रसायनी
कृपा करून हे करू नका. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गामॉटच्या तेलात बर्गाप्टेनसारखी द्रव्यं असतात. ते तेल अंगावर घेऊन उन्हात गेलं तर त्वचा भाजते, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. तयार परफ्यूममध्ये हे मर्यादेत ठेवलेलं असतं, घरच्या दोन थेंबांत नसतं.

उन्हाळी
विषय वाळ्याचा निघालाच आहे तर विचारते, माठात टाकायला चांगल्या जुड्या कुठे मिळतील?

चैत्रपालवी
पूजासाहित्याच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानात. नुसत्या पाण्यात भिजवून दोनदा धुवा, माती फार असते.

मरवा
पाणकणीस, बाटली आधी बाथरूममधून काढा आणि कपाटात, खोक्यासकट ठेवा. उष्णतेने आणि उजेडाने लिंबूवर्गीय आणि हिरवे घटक सगळ्यात आधी खराब होतात. ती बिघडली आहे का ते असं बघा: एक फवारा कोऱ्या कागदावर, एक कोपराच्या आत, लोशन न लावता. कागदावर पहिल्याच मिनिटात आंबट, धातूसारखा वास आला तर बाटली गेली. कागदावर ठीक आणि अंगावर कडवट असेल तर बाटली चांगली आहे.

पाणकणीस
कागदावर ठीक आहे. लोशनशिवाय अंगावरही कडवटपणा बराच कमी. बायको म्हणते दोन तासांनी दंडाजवळ वाळ्यासारखा वास येतोय, मला स्वतःला काहीच येत नाही. शनिवारी अत्तर किती आणि कपड्यावर मारू का? मी जॅकेट घालणार आहे.

कनौजी
काडीचं टोक फक्त बुडवून दोन्ही कोपरांच्या आत एकेक ठिपका. दहा मिनिटांनी त्यावरच स्प्रे. जास्त लावलंत तर कमी करता येत नाही.

मरवा
कपडा थंड असतो, त्यामुळे गवत तिथे जास्त वेळ राहतं. जॅकेटच्या आतून, छातीच्या खाली, एक फवारा, निघण्याआधी पंधरा मिनिटं. छोट्या कुपीत थोडा बरोबर न्या आणि जेवणाआधी पुन्हा एक मारा. ईडीटीचा हिरवा भाग तेवढाच टिकतो, तो परत घ्यावाच लागतो. पण जॅकेटचं अस्तर कसलं आहे? रेशमी असेल तर थांबा, डाग पडेल.