मारा आणि कॅपीबारा: चुलत भावंडंच

मारा नावाचा दक्षिण अमेरिकेतला प्राणी म्हणजे सशाचाच प्रकार, असं कुणीतरी लिहिलंय. लांब कान, लांब पाय पाहून तसं वाटतं खरं, पण तो कॅपीबारा (उंदराच्या गणातला सगळ्यात मोठा प्राणी) आणि गिनीपिगच्या कुळातला. मारा आणि कॅपीबाराचा संसार मात्र निराळा. कॅपीबारा पाण्याकाठी कळपानं राहणारा, ५० किलोच्या घरातला, बोटांमध्ये थोडे पडदे असलेला. मारा अर्जेंटिनाच्या कोरड्या माळावरचा, १० किलोच्या आसपास, आणि जोडीनं राहणारा.

मला खरी गंमत वाटते ती पिल्लांची. माराच्या अनेक जोड्या एकाच बिळात पिल्लं ठेवतात, पण आई पाजते शक्यतो आपल्याच पिल्लांना. दुसऱ्याचं लुचायला आलं तर हुसकावते. तेवढा वेळ नर पहाऱ्यावर. कॅपीबाराच्या कळपात पिल्लू दुसऱ्या मादीलाही खुशाल लुचतं!