मदत हवी आहे: हाड बांधणाऱ्या पेशींना जागा कशी सापडते?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला बारावीला जीवशास्त्र शिकवते. केळीच्या बागेत पडून नडगी मोडलेल्या एका विद्यार्थ्याने वर्गात एक्स-रे आणला. फटीभोवती ढगासारखा पांढुरका कॅलस (मोडलेलं हाड जोडणारा नवा थर) धरलाय. तो विचारतो, ऑस्टिओब्लास्टना, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींना, नेमकी हीच जागा कशी कळली?

मला माहीत आहे ते असं: ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड झिजवतात, तेव्हा त्यात साठलेलं टीजीएफ-बीटा-१ हे संदेश देणारं प्रथिन मोकळं होतं आणि अस्थिमज्जेतल्या, ऑस्टिओब्लास्ट बनू शकणाऱ्या मूलपेशी त्या दिशेने सरकतात. ऑस्टिओब्लास्टच्या कोवळ्या पूर्वपेशी तर नव्या रक्तवाहिन्यांना बिलगून आत शिरतात. किती सुंदर आहे हे!

पण पोचल्यावर त्या थांबतात कशाने? मराठीत आकृत्यांसह कुठे मिळेल? जळगाव-धुळ्याकडचे कुणी अस्थिरोगतज्ज्ञ तासभर वर्गावर येऊ शकतील का?