एकच इंग्रजी शब्द कधी विशेषण, कधी क्रियापद: मुलीला कसे समजावून सांगावे?

प्रश्न (मालवण, पालक)

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. शब्दांच्या आठही जातींच्या व्याख्या तिला तोंडपाठ आहेत, पण वाक्यातल्या अधोरेखित शब्दाची जात ओळखायला सांगितली की तिचा गोंधळ उडतो. 'दे सेल ड्राय फिश' या वाक्यातील 'ड्राय' तिने विशेषण म्हणून बरोबर ओळखले. पुढच्याच 'दे ड्राय फिश ऑन द सँड' या वाक्यात तिने पुन्हा विशेषण लिहिले आणि ते चूक ठरले. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पुढे 'फिश'ही तोच, मग जात कशी बदलली, असे ती विचारते. 'सुकी मासळी' आणि 'मासळी सुकवतात' असे अर्थ सांगून मी वेळ निभावून नेली. पण अर्थ नेमका लागत नसेल तेव्हा तिने काय करावे? शिवाय 'डाऊन'सारख्या शब्दाला कधी प्रेपोझिशन तर कधी ॲडव्हर्ब का म्हणतात, तेही कृपया सांगावे.

उत्तर (देवगड, निवृत्त इंग्रजी शिक्षक)

ताई, मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे मूळ मराठीच्या सवयीत आहे. मराठीत 'खेकडा मुलाला चावला' म्हणा किंवा 'मुलाला खेकडा चावला' म्हणा, चावणारा खेकडाच राहतो, कारण 'ला' हा प्रत्यय शब्दाला चिकटून आपले काम सांगत असतो. इंग्रजीत 'द क्रॅब बिट द बॉय' या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर मुलगाच खेकड्याला चावतो. इंग्रजीतील बहुतेक विभक्तिप्रत्यय शतकांच्या ओघात गळून पडले, त्यामुळे शब्दाचे काम आता मुख्यतः त्याच्या जागेवरून ओळखावे लागते. म्हणून सुटा शब्द पाहून जात सांगू नये, वाक्यात तो काय करतो ते पाहावे, हे तिच्या मनावर ठसवा.

अर्थ लागत नसेल तर एक उपाय हमखास उपयोगी पडतो. वाक्याच्या आरंभी 'येस्टरडे' घालून ते भूतकाळात न्यावे आणि कोणता शब्द रूप बदलतो ते पाहावे. पहिले वाक्य 'येस्टरडे दे सोल्ड ड्राय फिश' असे होते. 'सेल' बदलला आणि 'ड्राय' जागचा हलला नाही, म्हणजे क्रियापद 'सेल' आहे. दुसरे 'येस्टरडे दे ड्राइड फिश ऑन द सँड' असे होते, म्हणजे तेथे 'ड्राय' हेच क्रियापद आहे. क्रियापद एकदा सापडले की बाकीचे शब्द ओळखणे पुष्कळ सोपे जाते. मी वर्गात नेहमी क्रियापदापासूनच सुरुवात करीत असे, आणि पाठ्यपुस्तकांनी नामापासून सुरुवात करण्याची रीत मला आजही पटत नाही.

उत्तर (रत्नागिरी)

'डाऊन'विषयी लिहितो. हा भेद मुलीला मराठीतून आधीच अवगत आहे. 'तो खाली बसला' यात 'खाली' क्रियाविशेषण आहे, तर 'तो माडाखाली बसला' यात तेच 'खाली' नामाला जोडून शब्दयोगी अव्यय झाले आहे. त्याचप्रमाणे 'द बॉय केम डाऊन' यात 'डाऊन' ॲडव्हर्ब, आणि 'द बॉय केम डाऊन द हिल' यात पुढच्या 'हिल'शी संबंध जोडणारे प्रेपोझिशन. मराठीत हा शब्द नामाच्या मागून येतो, इंग्रजीत आधी येतो, इतकाच फरक.

मात्र पुढे नाम दिसले म्हणजे प्रेपोझिशनच, असे समजू नये. 'शी पुट डाऊन द बास्केट' यात 'डाऊन' 'पुट'च्या बाजूचा आहे, कारण तेच वाक्य 'शी पुट द बास्केट डाऊन' असेही म्हणता येते. 'केम द हिल डाऊन' असे म्हणता येत नाही. शब्द नामाच्या पलीकडे सरकवून पाहावा: वाक्य टिकले तर ॲडव्हर्ब, मोडले तर प्रेपोझिशन.

प्रश्नकर्ती

दोन्ही कसोट्या तिला लगेच समजल्या, मनःपूर्वक आभार. आता एकच शंका उरते. 'माय बोट' मधील 'माय' तिच्या पुस्तकात विशेषण म्हणून दिले आहे, तर शिकवणीच्या वहीत डिटरमिनर. यांपैकी बरोबर काय?

उत्तर (देवगड, निवृत्त इंग्रजी शिक्षक)

दोन्ही बरोबर आहेत. वर्गीकरण करणारे वेगळे आहेत. जुन्या शालेय व्याकरणात 'माय', 'धिस', 'सम' यांना आणि 'द', 'अ' यांनाही विशेषणांतच धरीत. अलीकडच्या व्याकरणांत त्यांचा 'डिटरमिनर' हा वेगळा गट करतात, आणि त्याला भक्कम कारण आहे: 'बिग ओल्ड बोट' अशी दोन विशेषणे लागोपाठ येऊ शकतात, पण 'द माय बोट' कोणी म्हणत नाही, कारण ती जागा दोघांपैकी एकालाच मिळते. आठ हा आकडाही सर्वत्र एकसारखा नाही. संस्कृत शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे प्राचीन आचार्य यास्क यांनी नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (इतर अव्यये) असे चारच वर्ग मानले होते, आणि मराठी शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या आठ जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच रूढ झाली. परीक्षेत मुलीने पाठ्यपुस्तकातील नाव लिहावे, आणि 'द माय बोट' का चालत नाही, हे मात्र तिच्याकडूनच सांगून घ्यावे.