मदत हवी आहे: मेटल + रॅप बँडला लेबलचा करार आलाय, सही करावी का? (आणि आवाज गिटारींखाली का गाडला जातोय?)

मागावरचा_बास

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. प्रकरण लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही इचलकरंजीचे पाच जण. दोन गिटार, बास (मी), ड्रम्स आणि एक रॅपवाला. मेटल आणि हिप हॉप एकत्र, बोल मराठीत, म्हणजे आमच्या गावच्या मराठीत. लेबल (गाणी काढणारी कंपनी) नाही, मॅनेजर नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. सराव ड्रमरच्या मामांच्या माग-शेडला लागून असलेल्या खोलीत. शेजारी माग सुरू असले की आम्ही कितीही कोकललो तरी तक्रार येत नाही, कारण कुणाला ऐकूच जात नाही.

चार गाणी कोल्हापुरात जाऊन रेकॉर्ड केली. खर्च ६२,००० रुपये, पाचांनी वाटून भरले. आता एका लेबलकडून (नाव टाकत नाही) चौदा पानांचा इंग्रजी करार आलाय. ते देणार: ५०,००० रुपये उचल, सगळ्या ॲपवर प्रकाशन, थोडी जाहिरात. घेणार: चारही गाण्यांचे सगळे हक्क, 'कायमचे आणि संपूर्ण विश्वात' (खरंच असं लिहिलंय), पुढच्या दोन अल्बमवर पहिला हक्क, आणि कार्यक्रम व टी-शर्टच्या पैशात २० टक्के. पंधरा दिवसांत कळवा म्हणतात.

मोठा गिटारवाला म्हणतो, डोळे झाकून सही करू, आपल्याला विचारतंय कोण? रॅपवाला म्हणतो, ब्लडीवुड बँडनं लेबलशिवाय करून दाखवलं, आपण का विकायचं? मी मधे.

दुसरा प्रश्न मिक्सचा, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याचा. रॅपचे शब्द गिटारी सुरू झाल्या की गायब. आवाज वाढवला की तो गाण्यावर वरून चिकटवल्यासारखा वाटतो. ट्यूनिंग ड्रॉप ए (सगळ्यात जाड तार खाली ए सुरापर्यंत उतरवलेली), सात तारांच्या गिटारी.

आणि एक किरकोळ: पहिलं गाणं यूट्यूबवर टाकलं तर त्यावर कॉपीराइटचा क्लेम आला. क्लेम करणारं खातं परदेशातलं, आम्ही त्याला ओळखतही नाही. आम्ही तर बीट (रॅपखाली वाजणारा तयार संगीताचा ट्रॅक) रीतसर ३० डॉलर देऊन विकत घेतली होती, पावती आहे. हे काय गौडबंगाल?

जुना_थ्रॅशर

मेटलमध्ये रॅप म्हटलं की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडायची. मग १९९१ साली अँथ्रॅक्स या मेटल बँडनं पब्लिक एनिमी या रॅपवाल्यांना सोबत घेऊन त्यांचंच गाणं पुन्हा केलं आणि आमची पंचाईत झाली, कारण ते आवडलं. तेव्हा शुद्ध-अशुद्धतेवर मी काही बोलणार नाही.

ब्लडीवुडचं उदाहरण मात्र अर्धवट देऊ नका. दिल्लीची ही पोरं २०१६पासून यूट्यूबवर विडंबनं, कव्हर्स करत होती. २०१९ला जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आली. 'रक्षक' हा अल्बम २०२२ला स्वतःच काढला. आणि २०२५चा अल्बम? तो फिअरलेस रेकॉर्ड्सकडून आला. म्हणजे लेबलकडे गेलेच, पण पदरात स्वतःचे ऐकणारे आणि स्वतःचा माल असताना गेले. तुमचे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत.

स्ट्रीमिंगच्या पैशावर फार इमले बांधू नका. स्पॉटिफायवर २०२४पासून एखादं गाणं बारा महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे सुरूच होत नाहीत. तुमचे खरे पैसे कार्यक्रमाचे आणि टी-शर्टचे, आणि नेमका त्यातच वाटा मागतायत. कापडाच्या गावात टी-शर्टवर २० टक्के!

ठाणेकर_फेडर

मिक्सचं मी बघतो. करारातलं मला कळत नाही.

दोन गिटारी डावी-उजवीकडे, दोघींना भरपूर गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवणं). अशा गिटारीचं सगळं कुरकुरीतपण साधारण १ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये असतं. आणि शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, तीही तिथंच किंवा जरा वर. मराठी रॅपमध्ये ट, ठ, ड, च यांचा मारा असतो, ते बुडाले की उरतो नुसता गुरगुराट. म्हणून आवाज वाढवून उपयोग नाही, जागा करून द्यावी लागते. गिटारींवर डायनॅमिक ईक्यू (आवाजातली ठरावीक पट्टी गरजेपुरती खाली करणारं साधन) लावा, आवाजावरून चालणारा, २.५ किलोहर्ट्‌झच्या आसपास ३ डीबी खाली. रॅप थांबला की गिटारी परत वर. गेनही कमी करा. रेकॉर्ड करताना खोलीत जेवढा हवासा वाटतो, त्याच्या दोन तृतीयांश पुरतो.

पण अर्धं काम मिक्सच्या आधीचं आहे. कडव्यात दोन्ही गिटारी पूर्ण कॉर्ड का वाजवतायत? रेज अगेन्स्ट द मशीन हा बँड ऐका. कडव्यात बरेचदा बास आणि ड्रम्स गाडा ओढतात, गिटार मधूनमधून ओरखडे काढते आणि सगळं वजन नंतर एकदम पडतं. तुम्ही बासवाले आहात, तुम्हाला हे ऐकून बरंच वाटेल.

आता खालचं. ड्रॉप एची मोकळी तार ५५ हर्ट्‌झ. तुमचा बास त्याखाली एक सप्तक, म्हणजे २७.५. त्यात बीटमधला ८०८ (ड्रम मशीनचा खोल, घुमणारा ठोका) असेल तर तोही तिथंच लोळणार. एका वेळी दोघांपैकी एकच ठेवा. बीटचे वेगवेगळे ट्रॅक पाठवता का? ८०८ एकटा करून बघतो.

मागावरचा_बास

दादा, मनापासून आभार. कडव्यातल्या कॉर्डचं वाचून छोटा गिटारवाला रुसलाय, पण पटलंय त्याला.

बीटचे वेगळे ट्रॅक नाहीत. एकच वेव्ह फाइल मिळाली होती.

ठाणेकर_फेडर

मग तुमचं दुखणं तिथंच आहे. ती फाइल आधीच मिक्स होऊन, दाबून, फुगवून आलेली असते. तयार पुरणपोळीतून गूळ वेगळा काढा म्हणण्यासारखं आहे. त्यावर पाच जणांचा बँड बसवलात, आता आवाजाला जागा कुठून आणणार?

वकीलीणबाई_पुणे

आधीच सांगते, इथं लिहिलेलं म्हणजे कागद बघून दिलेला सल्ला नव्हे. सही करण्याआधी कुणा वकिलाला चौदाच्या चौदा पानं दाखवा. त्याची फी ५०,०००पेक्षा नक्की कमी असेल.

'उचल' हा शब्द तुम्ही अगदी चपखल वापरलात. ऊसतोडीला जाणारे उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत हंगाम संपत नाही, तसंच हे. ५०,००० बक्षीस नाहीत, तुमच्या वाट्यातून आधी ते वळते होणार. जाहिरातीचा खर्चही त्यातच धरलाय का, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, ते बघा. मर्यादा नसेल तर उचल कधीच फिटणार नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७चा, २०१२ला सुधारलेला) हक्क सोपवायचा तर लेखी हवं आणि त्यात कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे लिहावं लागतं. काळ लिहिलाच नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून तर त्यांनी 'कायमचे' आणि 'विश्वात' इतकं आवर्जून लिहिलंय. तो विनोद नाही, मंगळावरच्या रॉयल्टीची सोय आहे.

दुसरं, शब्द लिहिणारा आणि चाल करणारा यांचा रॉयल्टीतला समान वाटा २०१२नंतर लेबलला लिहून देताच येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात 'सर्व रॉयल्टीवर पाणी सोडतो' अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्यावर बोट ठेवा. आणि तुमच्यापैकी जे लिहितात, चाली करतात, त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सदस्यत्व घ्या. लेबल असो-नसो.

आता मला खटकलेली गोष्ट. ज्याला तुम्ही किरकोळ म्हणालात तो क्लेम. ३० डॉलरच्या पावतीसोबत परवान्याची एक पीडीएफ आली असेल. ती कुणी वाचली आहे का?

मागावरचा_बास

ताई, खरं सांगतो, कुणीच नाही. आत्ता काढली. त्यात लिहिलंय की परवाना 'नॉन-एक्स्क्लुझिव्ह' आहे, बीटचे हक्क बनवणाऱ्याकडेच राहतील, ठरावीक स्ट्रीमपर्यंतच चालेल, आणि गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) नोंदवायचं नाही. चारपैकी दोन गाण्यांत ती बीट आहे.

अजून एक कबुली. त्याच दोन गाण्यांतल्या एकाच्या सुरुवातीला हलगी वाजते. ती आम्ही यूट्यूबवरच्या एका मिरवणुकीच्या व्हिडिओतून उचललीय. आठ सेकंद. पारंपरिक ठेका आहे, कुणाच्या मालकीचा थोडाच असतो?

वकीलीणबाई_पुणे

ठेका कुणाचा नसतो. त्या दिवशी कुणीतरी वाजवलेला आणि कुणीतरी रेकॉर्ड केलेला तो आवाज मात्र कुणाचा तरी असतो. आठ सेकंद चालतात, तीस चालतात वगैरे सगळ्या पारावरच्या गप्पा. कायद्यात असा सेकंदांचा हिशेब नाही.

आणि बीट तुम्ही विकत नाही घेतलीत, भाड्यानं घेतलीत. तीच बीट त्यानं आणखी कितीही जणांना भाड्यानं दिली असेल. त्यातल्या एकानं अट मोडून आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकलं, यंत्रानं दोन्हीकडची बीट एकच आहे हे ओळखलं, आणि क्लेम तुमच्यावर आला. परवाना जोडून हरकत घ्या. क्लेम सुटायला पाहिजे.

पण आता करार पुन्हा उघडा. त्यात कुठंतरी असणार की 'ही गाणी पूर्णपणे आमची आहेत, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, आणि कुणी दावा केला तर नुकसान आम्ही भरू.' तुम्ही भाड्याचं घर विकायला निघाला आहात. उद्या बीटवाला उभा राहिला तर लेबल तुमच्याकडे बोट दाखवणार, आणि तेव्हा ५०,००० खर्च झालेले असणार.

तुमच्यासारख्या मिश्र बँडमध्ये हा गोंधळ मी दुसऱ्यांदा बघतेय. मेटलवाल्यांत रीत अशी की खोलीत बसून जे झालं ते बँडचं. हिप हॉपमध्ये बीट बनवणारा वेगळा, बोलणारा वेगळा, आणि त्यांच्यात पैशाचं आधी ठरतं. तुम्ही आवाज दोन्हींकडून घेतला, कागद कुणाकडूनच घेतला नाहीत. तुमच्या पाचांतसुद्धा कोणाचे शब्द, कोणाची चाल, रेकॉर्डिंग कोणाचं, हे कुठं लिहिलंय का? नसणार. ते आधी. एक पान पुरे, पाच सह्या, तारीख.

जुना_थ्रॅशर

दंडवत, बाई. आमचा बँड १९९९ला फुटला तेव्हा असं एक पान असतं तर ॲम्प्लिफायर कोणाचा यावरून दोन जण आजवर अबोल राहिले नसते.

जत्रेतला

मी सांगलीकडचा. हलगीपुरतं बोलतो. अहो, तुमच्या तालुक्यात हलगी वाजवणारी माणसं असताना व्हिडिओतनं काय चोरता? जाऊन भेटा, चहा पाजा, रीतसर मानधन ठरवा आणि लिहूनही द्या-घ्या. नाव गाण्याखाली टाका.

रेकॉर्ड करताना दोन गोष्टी. वाजवण्याआधी कातडं शेकावं लागतं, तरच ताण येतो. म्हणजे खोलीबाहेर थोडा जाळ करायची सोय ठेवा, आणि ती गार झाली की पुन्हा शेकायला वेळ द्या. तीन टेक सलग मागू नका. दुसरं, माइक तोंडाला लावल्यासारखा जवळ ठेवू नका. दोन काड्यांनी वाजते, बारीक काडीचा फटका असा कडक येतो की मीटर लालच होतो. चार-पाच फुटांवर ठेवा, खोलीचाही आवाज येऊ द्या. क्लिकवर (कानातल्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवायला लावू नका एवढंच हात जोडून सांगणं. त्यांचा वेग सुटतो तसा सुटू द्या, तुमच्या ड्रमरला म्हणावं, तू त्यांच्यामागं जा.

ठाणेकर_फेडर

शंभर टक्के. फक्त हलगी आणि रॅप एकाच ओळीत नको. तिचा कडकडाट शब्दांच्या जागेवरच पडतो. ओळ संपली की हलगी, सवाल-जवाबासारखं.

मागावरचा_बास

मंडळी, खबरबात देतो. काल रात्री पाचही जण बसलो, अडीच तास. भांडणं झाली, मिसळ झाली, मग पान लिहिलं. शब्द रॅपवाल्याचे, चाल सगळ्यांची समान, रेकॉर्डिंग पाचांचं. एक जण सोडून गेला तरी त्याचा वाटा राहील. मोठ्या गिटारवाल्यानंच हे शेवटचं वाक्य घालायला लावलं, म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे जरा संशयानं बघतोय.

भाड्याची बीट काढून टाकतोय. दोन्ही गाणी पुन्हा करायची. सगळ्यात खूश ड्रमर. इतके दिवस बोलला नाही, पण मशीनचे हाय-हॅट आपल्या डोक्यावर बसवलेत हा राग त्याच्या पोटात होता. काल त्यानं तेच तिपेडी ठोके हातानं वाजवून दाखवले. मशीनइतके सरळ येत नाहीत, किंचित लंगडतात, आणि रॅपवाला म्हणाला की याच्यावर बोलायला सोपं जातं. ८०८ही गेला, आता खाली मी एकटा. फोनवर घेतलेला कच्चा टेक ऐकला तर शब्द पहिल्यांदा नीट कळले. ना ईक्यू, ना काही.

क्लेमवर परवाना जोडून हरकत नोंदवली, चार दिवसांत तो सुटला. पण ते गाणं आम्ही उतरवणारच आहोत, हलगीपायी.

लेबलला मेल गेलाय. ताईंच्या ओळखीच्या एका वकिलांनी मजकूर बघून दिला. फक्त रेकॉर्डिंग देऊ, तेही पाच वर्षांसाठी आणि परवान्यावर, विकत नाही. कार्यक्रम आणि टी-शर्टला हात नाही. जाहिरातीचा खर्च आम्हाला विचारल्याशिवाय वळता करायचा नाही. आणि गाणी दोन महिन्यांनी मिळतील. उत्तर आलंय एका ओळीचं: 'कळवतो.' मोठा गिटारवाला दर तासाला मेल बघतोय.

हलगीवाले मामा रविवारी येतायत, सोबत त्यांचा पुतण्या. मानधन ठरलं, कागदही वाचून दाखवला. ते म्हणाले, चाळीस वर्षं वाजवतोय, सही कुणी मागितली नव्हती. ड्रमरचे मामा दोन तास माग बंद ठेवायला तयार झालेत. जाळासाठी शेडमागची जागा दिलीय, पण सुताच्या गठ्ठ्यांपासून वीस पावलं लांब, आणि पाण्याची बादली आम्हीच भरून ठेवायची.