फोर्थ फॉर्म म्हणजे आपली कितवी?

कोथरूडची अनुवादक: एका जुन्या इंग्रजी शाळाकथेचा अनुवाद करतेय. अप्पा बळवंत चौकात मिळालेली प्रत, मुखपृष्ठ गायब. नायिका ‘फोर्थ फॉर्म’मध्ये आहे, म्हणून मी बिनधास्त ‘चौथीतली’ लिहीत गेले. चाळिसाव्या पानावर ही मुलगी लॅटिनची क्रियापदं घोकतेय आणि आठवड्याभरात तिचा पंधरावा वाढदिवस! आता सगळं परत बघायचंय, पण आधी नीट कळू दे. तिला कितवीत बसवू? शिवाय माळ्याचा मुलगा ‘स्टँडर्ड फाइव्ह’पर्यंत शिकलाय. तो तिच्या पुढे कसा?

निवृत्त मास्तर: फॉर्म मोजतात माध्यमिक शाळेपासून, म्हणजे साधारण अकराव्या वर्षापासून. फर्स्ट फॉर्म म्हणजे आपली सहावी, फोर्थ म्हणजे नववी, फिफ्थ म्हणजे दहावी. सिक्स्थ फॉर्म दोन वर्षांचा, लोअर आणि अप्पर. तो अकरावी-बारावीच्या जागी. आज तिकडे फर्स्ट फॉर्मला ‘इयर सेव्हन’ म्हणतात, तेही ध्यानात ठेवा.

माळ्याच्या मुलाची पट्टीच निराळी. ‘स्टँडर्ड’ हे गरिबांच्या प्राथमिक शाळांचे, १८६२ च्या नियमांतून आलेले. इन्स्पेक्टर येऊन एकेका पोराचं वाचन, लेखन, गणित तपासायचा आणि त्या निकालावर शाळेचं अनुदान ठरायचं. पोर नापास, की शाळेचे पैसे कापले! मला याची फार चीड येते. शिक्षक काय शिकवणार, परीक्षेपुरतंच घोटून घेणार. तेव्हा तो मुलगा मुळीच पुढे नाही. ती शाळा सहसा हायस्कुलात पोचवतच नसे.

सदाशिव पेठ: आपल्याकडेही असंच होतं की. आजोबांच्या दाखल्यावर ‘इंग्रजी चौथी’ आहे. शाई फिकट झालीय, पण वाचता येतं. माझी मुलगी म्हणाली, “पणजोबा चौथीच शिकले?” तिला बोटांवर मोजून दाखवलं: आधी मराठी चार यत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी, सातवीला मॅट्रिक. म्हणजे पणजोबा आठवी झाले होते.

कोथरूडची अनुवादक: ‘इंग्रजी चौथी’ माझ्या आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलंय, तरी डोक्यात आलं नाही! मास्तर, एक ‘रिमूव्ह’ नावाचा वर्गही येतोय पुढे.

निवृत्त मास्तर: बहुतेक शाळांत तो फोर्थ आणि फिफ्थच्या मधला. शाळेगणिक फरक पडतो, म्हणून मुलांची वयं बघा आणि नाव तसंच ठेवा.

कोथरूडची अनुवादक: ठेवते. ती ‘नववीतली’ आणि माळ्याचा मुलगा ‘पाच यत्ता शिकलेला’. आज पहिल्या पानापासून बसते.