आलेखासाठी आर शिकणं ही रिकामटेकड्यांची हौस?

शून्यापासून
काल इथेच, या चर्चामंचावर, एका महाशयांनी लिहिलं की आलेख काढायला आर ही संगणकभाषा शिकणं ही रिकामटेकड्यांची हौस आहे, एक्सेलमध्ये दोन क्लिकमध्ये काम होतं आणि बॉसला तेच उघडता येतं. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लांबलचक उत्तर.

त्यांनी पुरावा म्हणून चिकटवलेला आलेखच घ्या. २०११ च्या जनगणनेतलं ० ते ६ वयोगटाचं लिंग गुणोत्तर, म्हणजे हजार मुलांमागे मुली: राज्य ८९४, बीड ८०७. त्यात अक्ष शून्याऐवजी ८०० पासून सुरू होतो. म्हणजे राज्याचा स्तंभ ९४ चा आणि बीडचा ७ चा. तेरापट फरक! बीडमध्ये मुली जन्मतच नाहीत असं वाटावं. परिस्थिती गंभीर आहेच, ती अशी फुगवायची गरज नाही. आरच्या जीजीप्लॉट या आलेखाच्या पॅकेजमध्ये स्तंभ शून्यापासून उभा राहतो. कापायचाच असेल तर तसं लिहावं लागतं, आणि ते लिहिलेलं उद्या दुसऱ्या कुणालाही वाचता येतं. क्लिक वाचता येत नाही.

बाकी एक्सेलचे पराक्रम जगजाहीर आहेत. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात एक्सेलमधल्या सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. ते २०१३ मध्ये एका विद्यार्थ्यानं शोधलं.

खातेवही
आणि शोधलं कशात? त्यांच्या एक्सेल शीटमध्येच ना? शीट मिळाली म्हणून चूक दिसली. तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर.

अक्ष शून्यावर आणायला एक उजवं क्लिक पुरतं. ज्याला ते सुचत नाही, तो आरमध्येही दिवेच लावणार. मी जिल्ह्याच्या ऑफिसात बसतो. तीन वाजता निरोप येतो, पाचच्या व्हीसीला (व्हिडिओ बैठकीला) आलेख हवा. आर टाकायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो आणि पासवर्डवाले रजेवर. आता सांगा तुमचं जीजीपुराण.

पुतणीनं आरचा महागडा क्लास लावला होता. जीजीप्लॉटच्या ओळी अधिकच्या चिन्हानं जोडायच्या असतात. अधिकचं चिन्ह ओळीच्या शेवटी न देता पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दिलं, की आर पहिली ओळ पुरी झाली समजून रिकामी चौकट काढणार आणि दुसऱ्या ओळीवर लाल अक्षरं. पोरगी रडकुंडीला आली. सरांनी पहिला महिना बार्टलेटच्या कसोटीवर, म्हणजे निव्वळ संख्याशास्त्रावर, घालवला होता, आलेख शेवटच्या आठवड्यात.

शून्यापासून
त्या लाल अक्षरांत "अधिकचं चिन्ह चुकून नव्या ओळीवर टाकलंत का?" असं सरळ विचारलेलं असतं. वाचायचं असतं ते. क्लास भंगार होता हे मान्य, त्यात आरचा काय दोष?

खरी अडचण तुम्ही सांगितलीच नाहीत, म्हणून मीच सांगतो. आलेखाला पाच मिनिटं लागतात, टेबल सरळ करायला अख्खी दुपार जाते. आपल्याकडे प्रत्येक वर्षाचा वेगळा रकाना, वर दोन मजली मथळे, मध्येच "एकूण"ची ओळ. जीजीप्लॉटला वर्ष एका रकान्यात आणि आकडा दुसऱ्यात लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं.

अजगरप्रेमी
दोघंही गेल्या शतकात आहात. पायथन शिका. नोकरी तरी मिळेल.

मधली वेलांटी
पायथनवाल्यांनी आधी मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे त्यांच्या आलेखाच्या पॅकेजमध्ये, "जिल्हा" हा एक शब्द लिहून दाखवावा. वेलांटी ज च्या आधी न येता नंतर पडते, ल चा पाय मोडून ह शेजारी जाऊन बसतो. वर्षानुवर्षं हेच. मराठी वाचकांसाठी आलेख करायचा आणि नावं इंग्रजीत टाकायची, हे कुणालाच खटकत नाही?

अजगरप्रेमी
आरमध्ये काय वेगळं होतं? विंडोजवर "हिंगोली" छापायला सांगितलं की कोनी कंसात यू, अधिक, ०९३९ असलं काहीतरी यायचं. मी तेव्हाच रामराम ठोकला.

मधली वेलांटी
"यायचं". आरच्या २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-८ आहे, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतात. रॅग नावाचं पॅकेज टाका, आलेख त्यातून पीएनजीत काढा, जोडाक्षरं नीट येतात. आर जिथे लिहितो त्या आरस्टुडिओच्या ग्राफिक्स सेटिंगमध्येही एजीजी (रॅग ज्यावर चालतं ते चित्रयंत्र) निवडा, नाहीतर पडद्यावर एक आणि फाइलमध्ये भलतंच. हे एकाही इंग्रजी धड्यात ठळकपणे सापडत नाही, कारण लिहिणाऱ्याला गरजच पडत नाही.

वऱ्हाडी ठेचा
मराठी नावं राहू द्या, इंग्रजी तरी कुठे जुळतात? जनगणनेत आमचा बुलढाणा एच गाळून, बीड बी-आय-डी, गोंदियात आयच्या पुढे वाय. नकाशाच्या फाइलीत स्पेलिंग वेगळं. जोडायला गेलं की निम्मा विदर्भ नकाशात करडा, म्हणजे आकडाच नाही! त्यात पालघर २०१४ चा, जनगणना २०११ ची, म्हणून तोही करडा. आता अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर. नावावरून जोडूच नका लेको, जिल्ह्याचा कोड वापरा.

खातेवही
वा! म्हणजे फाँट बसवा, पॅकेज टाका, कोड जुळवा, मग आलेख. आणि वर म्हणे आम्ही रिकामटेकडे नाही. एक्सेलमध्ये "जिल्हा" टाइप केलं की "जिल्हा"च दिसतं, कळलं का? आमच्याकडे निम्म्या फाइली अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहेत, त्याला तुमचं रॅग काय करणार?

मधली वेलांटी
काही नाही. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्याच लागतील. तोवर एक्सेलही त्यांच्यापुढे हतबल. दुसऱ्या मशीनवर तीच फाइल उघडून बघा, निव्वळ किडेमुंग्या.

खातेवही
ते मात्र खरं आहे, दुर्दैवानं.

शून्यापासून
धागा आलेखाचा होता. खातेवही, एकच विचारतो. तोच आलेख दर महिन्याला छत्तीस जिल्ह्यांसाठी मागितला तर? माझ्याकडे महिना बदलला की फाइल पुन्हा चालवायची, बस्स.

खातेवही
दर महिन्याला मागतातच. छत्तीस नाही, आमचे तालुके. एक पोरगा दोन दिवस तेच करत बसतो. त्या कामापुरतं म्हणाल तर ठीक, तुमची हौस उपयोगाची. व्हीसीसाठी अजिबात नाही. तो रॅगचा कोड पूर्ण टाका इथे, पासवर्डवाले सोमवारी हजर होतायत.

अजगरप्रेमी
पायथनमध्ये ही छत्तीसची गंमत दोन ओळींत होते.

मधली वेलांटी
इंग्रजीत.