दारातल्या कढीलिंबावर औषध मारावे की कात्री चालवावी?

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. पंपाच्या खोलीशेजारच्या कढीपत्त्यावर गेल्या आठवड्यापासून अळ्या पडल्या असून कोवळी पालवी त्यांनी शेंड्यापर्यंत खाल्ली आहे. शनिवारी वाळवीच्या फवारणीसाठी माणूस येणार आहे, त्याच वेळी या झाडावरही औषध मारून घ्यावे, अशी सूचना दोन सभासदांनी केली आहे. कोणाची हरकत असल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत येथे कळवावे.

काकू (३०२): माझी हरकत आहे. या झाडाची पाने रोज सकाळी निदान सात-आठ घरांत पोह्यांत, आमटीत आणि कढीत पडतात. वाळवीचे औषध मारलेले पान मी माझ्या नातवाच्या ताटात वाढणार नाही. पण अळ्यांचे काय करायचे, हे मला कळत नाही. सर, आपण वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, आपणच सांगावे.

सर (४०१): काकूंची हरकत रास्त आहे आणि ती मी माझीही समजतो. वाळवीसाठी आणलेले औषध जमिनीत आणि भिंतीच्या पायाशी मुरवण्यासाठी असते, खाण्याच्या पानांवर मारण्यासाठी नव्हे. कोथिंबीर किंवा मेथी आपण निवडून, दोन पाण्यांनी धुऊन घेतो. कढीपत्त्याची डहाळी मात्र झाडावरून तोडली की बहुतेक वेळा तशीच तापलेल्या तेलात जाते. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यात कीटकनाशकांचे अंश सापडत असल्यामुळे युरोपीय संघाने त्यावर वाढीव तपासणी लावली होती. बाजारातल्या पानाविषयी आपण फार काही करू शकत नाही. दारातले पान स्वच्छ ठेवणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आता अळ्यांविषयी. कढीपत्ता हा लिंबू, संत्रे आणि बेल यांच्या कुळातला आहे, म्हणून लिंबावर येणारी फुलपाखरे यावरही अंडी घालतात. आज सकाळी मी झाड जवळून पाहिले. लहान अळ्या काळपट-पांढऱ्या असून पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, तर मोठ्या झालेल्या अळ्या हिरव्यागार आहेत. त्यांना काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे, यात मला शंका नाही. ती चावत नाही आणि तिच्यामुळे अंगाला खाजही सुटत नाही. सगळे मिळून अकरा अळ्या मोजल्या. अकरा अळ्यांसाठी पंप आणि औषध कशाला हवे? मी त्या हाताने काढून कुंपणाजवळच्या जुन्या लिंबावर सोडीन. तेथे पाला भरपूर आहे. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढते, त्यामुळे आपल्या आवारात लिंबाच्या जातीची दोन झाडे आहेत याचे मला समाधानच वाटते. यापुढे दर तीन-चार दिवसांनी कोवळ्या पालवीची खालची बाजू कोणी पाहिली, तर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडीच बोटाने काढता येतील.

दादा (१०३): सर, आमच्या गॅलरीतल्या कुंडीत शेंड्यावर अळी नाही, पण कोवळी पाने वेडीवाकडी होऊन मुडपली आहेत आणि त्यांवर पांढऱ्या मेणासारखे धागे दिसतात. हाही तोच प्रकार आहे का?

सर (४०१): नाही दादा, तो वेगळा कीटक आहे आणि अळीपेक्षा त्याच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. त्याला सायला म्हणतात. तो कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो, त्यामुळे पान मुडपते. लिंबू-संत्र्यांच्या बागा खंगवणारा ग्रीनिंग रोग हाच कीटक पसरवतो. म्हणूनच अमेरिकेत प्रवाशांना ताजा कढीपत्ता सोबत नेता येत नाही. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी पिशवीत डहाळी घालून पाठवू नये, ती विमानतळावर काढून घेतली जाते. आपल्या कुंडीसाठी उपाय साधा आहे. मुडपलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत आणि उरलेल्या झाडावर सकाळी पाण्याची जोरदार धार मारावी. आठवड्याने पुन्हा दिसलेच, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे. त्यानंतर आठ-दहा दिवस त्या कुंडीतली पाने काढू नयेत.

ताई (२०४): मलाही विचारायचे आहे. माझे झाड चार वर्षांचे झाले, कमरेइतके उंच आहे, पण एकच काठी सरळ वर गेली आहे आणि टोकाला झुपका आहे. मी अतिशय जपून, लागतील तेवढीच चार-सहा पाने खुडते, तरी ते भरत नाही.

सर (४०१): ताई, आपण जपता म्हणूनच ते भरत नाही, आणि ही चूक आपल्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरात होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण ज्याला कढीपत्त्याचे एक पान म्हणतो ते खरे तर पान नसून पर्णिका असते. मधली दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंची दहा-वीस पाने मिळून झाडाचे एक संयुक्त पान होते. वरवरच्या चार पर्णिका खुडल्या, तर दांडी उघडी पडून वाळते आणि झाडाला नवे काही फुटण्याचे कारणच मिळत नाही. याउलट शेंडा कापला की त्याच्या खाली प्रत्येक पानाच्या बगलेत झोपलेले डोळे जागे होतात आणि एका काठीच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. कारण वाढता शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. आपण गुडघ्याच्या वर, एखाद्या निरोगी डोळ्याच्या किंचित वरती, धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा. मनाला ते बरे वाटणार नाही, हे मी जाणतो. माझ्या पत्नीने पहिल्यांदा झाड असे कापले तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोललो नव्हतो, आणि दीड महिन्यात त्याच काठीला पाच फांद्या आल्या. त्यानंतर रोजच्या फोडणीसाठी पाने न खुडता दांडीसह तोडावीत, आणि कुंडीत फुलोरा आला तर तोही काढावा, म्हणजे झाडाचा जोर पाल्याकडे राहतो. मोठी छाटणी मात्र थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस करावी. आता पावसाची उघडीप पाहून फक्त शेंडे मारावेत.

वहिनी (२०१): सर, डिसेंबरात आमच्या झाडाची पाने पिवळी पडून गळतात, म्हणून मी तेव्हा खत आणि पाणी दोन्ही वाढवते. ते योग्य आहे का?

सर (४०१): वहिनी, तेव्हा दोन्ही कमी करावे. हे उष्ण प्रदेशातले झाड आहे; तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की त्याचे डोळे फुटणे थांबते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढ्या थंड होतातच. विसावलेल्या झाडाला जास्त पाणी दिले की मुळे कुजतात. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने निवडलेल्या दोन जातींपैकी डी.डब्ल्यू.डी.-१ वासाला फार चांगली आहे, पण थंडीत तिची फूट मंदावते. डी.डब्ल्यू.डी.-२ थंडी त्यापेक्षा बरी सोसते. रोपवाटिकेतून नवे रोप आणणार असाल तर हे विचारून घ्यावे.

पिवळेपणाचा दुसरा प्रकार मात्र ओळखून ठेवावा. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी झाली तर खत कमी पडते आहे. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्या बोअरचे पाणी जड आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तो सर्वांनी पाहिला आहे. असे पाणी वर्षभर घातले की माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. आपल्या आज्या कढीलिंबाच्या बुंध्याशी आंबट ताकाचे पाणी ओतत, त्याचा थोडा उपयोग होतो, पण ताक चांगले पातळ असावे, नाहीतर कुंडीला वास येतो आणि मुंग्या लागतात. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे गच्चीवरून पडणारे पावसाचे पाणी साठवून घालणे, आणि गरज पडली तर लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ते मातीत देणे, पानांवर नव्हे.

दादा (१०३): कुंडी आणि माती कोणती घ्यावी? मी आवारातली काळी मातीच भरली आहे.

सर (४०१): निव्वळ काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. तिच्यात तेवढीच तांबडी माती, तेवढेच जुने शेणखत आणि दोन ओंजळी जाड वाळू मिसळावी. साखर कारखान्याच्या मळीचे चांगले कुजलेले खत आपल्याकडे सहज मिळते, तेही चालते, पण ताजी गरम मळी घालू नये. उन्हाळ्यात बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा बोटभर थर द्यावा. कुंडी निदान १४ इंचांची असावी आणि तिला रोज पाच-सहा तास ऊन मिळावे.

काकू (३०२): सर, पाण्याचा निचरा म्हटल्यावर २०१९ च्या महापुरातले आपले पहिले झाड आठवले. पाणी ओसरल्यावर ते वरून हिरवे होते आणि पंधरा दिवसांत उभ्या जागी वाळून गेले.

सर (४०१): मलाही ते विसरता येत नाही. मुळांना हवा मिळाली नाही आणि ती आतून कुजली. म्हणूनच आताचे झाड आपण दीड फूट उंच मातीच्या चौथऱ्यावर लावले. त्याच्या भोवती जे कोंब उगवले आहेत, ते तण समजून कोणी उपटू नयेत. ते याच झाडाच्या मुळांतून आलेले आहेत आणि वासाने त्याच्यासारखेच निघतील. पावसाळ्यात कोंबाला आईशी जोडणारे मूळ फावड्याने तोडावे, कोंब तीन आठवडे तेथेच राहू द्यावा आणि स्वतःची मुळे धरल्यावर मातीच्या गड्ड्यासह उचलावा. बी लावायचे असेल तर आता पिकलेली काळी फळे घ्यावीत, गर धुऊन काढावा आणि बी लगेच पेरावे, कारण ते सुकले की उगवत नाही. लहान मुलांना मात्र या बिया चघळू देऊ नयेत.

सचिव: सर्वांच्या म्हणण्यानुसार कढीपत्त्यावर फवारणी होणार नाही. शनिवारी फवारणीच्या वेळी झाडावर प्लास्टिकचे कापड टाकले जाईल आणि त्या बाजूच्या भिंतीला औषध मारले जाणार नाही. सर, रविवारी सकाळी आठ वाजता पाऊस नसल्यास शेंडे मारण्यासाठी आपण यावे, अशी विनंती आहे. कात्री मी आणतो.

सर (४०१): येतो. कात्री आधी डेटॉलच्या पाण्याने पुसून घ्यावी, म्हणजे दादांच्या कुंडीलाही तीच वापरता येईल. चार कोंब वेगळे करण्याजोगे आहेत. पहिला ताईंना, एक वहिनींना द्यावा, उरलेले दोन ज्यांना हवेत त्यांनी येथे लिहावे.

काकू (३०२): एक माझा. कापलेल्या डहाळ्या मी कट्ट्यावर सुपात ठेवीन. ज्यांना चटणीसाठी हव्या असतील त्यांनी धुऊन, सावलीत वाळवून घ्याव्यात. उन्हात वाळवल्या तर वास उडून जातो.